कुपनाचा पहिला बाजार

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो आणि बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत राहू लागलो. खालच्या मजल्यावर एक मराठी मावशी राहायच्या. जन्म इथलाच, सगळी नोकरी इथल्याच शाळेत, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच एखादं बंगाली क्रियापद घुसायचं आणि त्यांना ते कळायचंही नाही. मी नाशिकला आहारशास्त्र शिकले आहे हे कानावर गेल्यावर त्यांनी मला लगेच रेल्वेलाइनच्या कडेच्या वस्तीत नेलं.

तिथे मावशी आणि त्यांच्या मैत्रिणी गरोदर बायकांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना दुपारी खिचडी द्यायच्या. खिचडी चांगली असायची. पण बायका ती डब्यातून घरी न्यायच्या आणि घरी डबा उघडला की तो सगळ्यांचा व्हायचा. आईच्या वाट्याला तळाचं खरवडून उरेल तेवढंच. लहानग्यांचं जेवण म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. म्हणून मावशींनी ठरवलं की खिचडी थांबवायची आणि कुपनं द्यायची. कूपन आईच्या हातात, बाजारात तिनेच जायचं आणि अंडी, मासे, डाळ, पालेभाजी, फळं यांतलं हवं ते स्वतः घ्यायचं. दुकानदारांचे पैसे मावशींचं मंडळ नंतर चुकते करणार.

मंडळाच्या बैठकीत खडाजंगी झाली. एक बाई म्हणाल्या, "कुपनं विकून टाकतील. नाहीतर नवरे हिसकावून घेतील."

"एखादी विकेलही," मावशी म्हणाल्या. "पण आपण बाजारात जातो तेव्हा काय घेतलं ते बघायला आपल्यामागे कुणी उभं राहतं का?"

आणखी एक गोष्ट त्यांनी हट्टाने करून घेतली. मासेवाला एक नको, दोन हवेत. मला त्याचं कारण तेव्हा कळलं नाही.

पहिल्या बाजाराच्या सकाळी मी इतकी उतावीळ झाले होते की मुलीच्या डब्यात नुसत्या पोळ्याच गेल्या, भाजी ओट्यावर राहिली. वस्तीतल्या बायका तर पूजेला निघाल्यासारख्या आल्या होत्या. ठेवणीतल्या साड्या, भांगात ताजा सिंदूर, कडेवरच्या मुलांच्या कपाळाला काजळाचा मोठा टिळा. त्यांच्यात एक विशीतली पोरगी होती. नवरा सायकल-व्हॅनवर माल वाहायचा. सोबत तिची सासू होती आणि कडेवर दीड वर्षाचा मुलगा, जो बिस्किट सोडून कशालाच तोंड उघडत नसे.

"मी कधी मासे घेतले नाहीत," ती मला हळूच म्हणाली. "आमच्याकडे पुरुषच आणतात. ते आणतील ते मी शिजवते."

"मला ताजा कुठला ते कळतं," सासू म्हणाली. मग जरा थांबून, "पण घेतला मीही कधी नाही."

माझी नेमणूक मासळीबाजारात होती. माझ्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे, पण उत्साहाच्या भरात तो वाससुद्धा मला जाणवेना. पहिल्या मासेवाल्याकडे गर्दी होती. बायका कुपनं हातात धरून पुढे सरकल्या तेवढ्यात पिशवी घेतलेले एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "फुकटवाल्यांची रांग वेगळी करा."

मासेवाल्याने हातातला कोयता हलवून बायकांना बाजूला व्हायला सांगितलं. "थांबा तिकडे. आधी पैसेवाले."

त्या मुकाट्याने बाजूला झाल्या. एकेक गिऱ्हाईक येऊन चांगला माल उचलू लागलं. मुलं किरकिरायला लागली. मावशी पलीकडे अंडीवाल्याकडे होत्या आणि मी मनातल्या मनात बंगाली वाक्य जुळवत होते. ते जुळायच्या आत त्या पोरीने मुलाला कडेवर नीट सावरलं आणि ती पुढे झाली.

"दादा, या कुपनाचे पैसे तुम्हाला मिळणार ना?"

"मिळतील. नंतर."

"मग मी गिऱ्हाईकच आहे. इथे घेऊ, की समोर जाऊ?"

 मासेवाला हसला आणि म्हणाला, "जा."

ती खरंच गेली. मागे सासू, सासूमागे बाकीच्या सगळ्या.  समोरचा मासेवाला इतका वेळ हाताची घडी घालून बसला होता. तो घाईने उठला, माशांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाला, "या दीदी, काय देऊ?"

 काय देऊ, असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती एकेका टोपलीकडे बघत राहिली. तेवढ्यात तिच्या मुलाने वाकून जिवंत माशांच्या टबात हात घातला, पाणी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं आणि बायका खदाखदा हसल्या. तिने हसतच बोट दाखवलं, बोटाएवढ्या चंदेरी मौरला माशांकडे.

"अगं, कातला घे," सासू म्हणाली. "फुकट मिळतोय तर मोठा घे."

"फुकट नाही, आई. आणि कातला आणला की डोकं ह्यांना, पोटाचा तुकडा तुम्हाला, मला रस्सा. हे एवढेसे मासे वाटत कोण बसणार?"

सासूने पदर कमरेला खोचला. मग मासेवाल्याला दरडावून म्हणाली, "वरचे नकोत. खालचे ताजे काढ."

थोड्या वेळाने पहिला मासेवाला स्वतः उठून हाका मारू लागला, "दीदी, इकडेही या की." अंड्यांच्या पिशव्या घेऊन आलेल्या मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "दोन कशाला हवेत ते कळलं?"

मला राहवेना. तिथूनच मी नाशिकला आईला फोन लावला. ती म्हणाली, "कसला गं एवढा गलका?" मासळीबाजारात आहे, म्हटलं. "अगं बाई, आंघोळ करूनच घरात शिर," ती म्हणाली.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. काहींनी कुपनं तेलासाठी बदलून घेतली. कुपनं हिसकावणाऱ्या एका नवऱ्याला मावशींनी बोलावून समज दिली. पण बायका आता घोळक्याने बाजारात जाऊ लागल्या, घासाघीस करू लागल्या, पेरू दाबून बघू लागल्या.

काही आठवड्यांनी मी त्या पोरीच्या खोलीवर गेले. सासू जमिनीवर बसून नातवाला भरवत होती. मासा बोटांनी चुरडून, काटा चाचपून, भातात कालवून. मुलगा घास गिळायच्या आत पुढच्यासाठी तोंड उघडत होता. मी थक्क होऊन बघत होते. पोरगी नेहमीसारखी चुलीपाशी उभी होती.

सासूने मान वर न करताच म्हटलं, "तूही ताट घे. नाहीतर हा काही ठेवायचा नाही."

ती जरा घुटमळली, मग आमच्यातच बसली आणि जेवू लागली. मासे डोक्यासकट चावून खात होती. कसे झालेत, मी विचारलं.

"मीठ जास्त पडलंय," ती म्हणाली आणि पुन्हा भात वाढून घेतला.