जुन्या पुलाचा दगड

ठेकेदारानं मला फसवलं. आमच्या गुढियारी मोहल्ल्यातल्या नाल्यावरचा जुना पूल पाडायचं काम मी घेतलं, ते त्यातून निघणारा दगड त्यानं माझ्याकडून विकत घेऊन नव्या पुलाला वापरायचा या बोलीवर. मग स्वतःच्या खाणीतला दगड खपवायला तो सगळ्या मोहल्ल्यासमोर म्हणाला, "याचा माल कुजका आहे."

साइटवरच्या इंजिनिअर दीदी फार बोलत नाहीत. चहा घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यातच घेतात. मी कितीही तावातावानं भांडलो तरी होकारासारखं नुसतं "हव" म्हणतात. त्या "हव"चा मला राग यायचा.

एक दिवस त्यांनी दोन्ही दगड शेजारी ठेवले आणि हातोडी ठेकेदाराच्या हातात दिली. "मारा, भैया."

खाणीतला दगड बद्द वाजला. जुना खणखणला.

"मॅडम, आवाजावर पूल उभा राहते काय?"

"लॅबमध्येही हाच पास झाला. चांगला दगड समोर पडला असताना डोंगर काहून फोडून राहिले तुम्ही?"

आज नव्या पुलाच्या दोन्ही बाजूंच्या भिंती त्याच जुन्या दगडाच्या आहेत. मी रोज मुद्दाम तिथून जातो. आता ठेकेदारानं त्याच मोहल्ल्यासमोर उभं राहून सांगावं, कुजकं काय होतं?