गॅडोलिनियमचं शनिवारचं शिखर

ऐंशी सालाच्या आसपास आमच्या पिंपळे गुरवात सकाळी घराबाहेर पडणाऱ्या तरुणाला एकच प्रश्न विचारला जायचा: कुठल्या कंपनीत? माझ्याकडे कंपनी नव्हती. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो आणि सायकलवर तिकडे जायचो. विषयाचं नाव सांगून होईपर्यंत विचारणारा माणूस पुढच्या चौकात पोचलेला असे.

वडील पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर होते. त्यांना मी एकदा नीट समजावून सांगितलं. धातूवर क्ष-किरण सोडायचे, मग अणूच्या अगदी आतल्या घरातले इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. ते किती जोरात उडाले हे मोजलं की धातू कोणता आणि कशा अवस्थेत आहे, ते कळतं. वडिलांनी बिडी विझवली आणि विचारलं, "दिवसाला किती नग निघत्यात?"

"लाखो."

"आन् विकत का न्हाईत?"

त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून कंपनीच्या तपासणी खात्यात माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. दिवाळीपर्यंत माझ्या हातून काही निघालं नाही, तर निमूट तिकडे जायचं, असं घरात ठरलं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांचंही मत तेच होतं, फक्त त्यांची भाषा शुद्ध होती.

माझ्या वाट्याला आलेला धातू गॅडोलिनियम. दुर्मिळ मृदा म्हणतात त्या कुटुंबातला, जगानं आधीच कसून तपासलेला. त्याच्या आलेखात दोन शिखरं येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र त्यांच्या शेजारी तिसरं दिसलं. छोटं, नाजूक, कुणीच न नोंदलेलं. पुढच्या शनिवारी पुन्हा दिसलं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. यंत्रावर माझी पाळी शनिवारीच असायची.

मग मला आवरणार कोण? अणूच्या पोटात काय उलथापालथ झाली की हे शिखर येतं, याचा सिद्धांत मी सायकलवरच मांडून टाकला. केस कापताना न्हाव्याला ऐकवला. त्याच्या हातात वस्तरा असल्यामुळे मीच जरा जपून बोललो. तालमीच्या मंडळाने दसऱ्याला माझा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा मी "कशाला उगाच" म्हणालो आणि सदरा कडक इस्त्रीला टाकला.

सरांना मी आलेख दाखवले. ते म्हणाले, "बुधवारी माझ्यासमोर काढून दाखवा."

बुधवारी शिखर आलं नाही. त्या जागी यंत्राचं पेन कागदावर सरळ रेघ ओढत गेलं. सर म्हणाले, "तुमच्या अणूला बुधवारची सुट्टी असते का? पुढच्या बुधवारी शेवटचं बघू." दिवाळी तोंडावर आली होती. मला खरंच भीती वाटली. नोकरीची नव्हती. आपण जन्मभर मनातल्या मनात शास्त्रज्ञ राहणार, याची.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिला आलेख कळत नव्हता, माझं तोंड कळत होतं. "शनवारी मारुतीला जाऊन जातूस, तवा व्हतंय न्हवं?" ती म्हणाली. "मग बुधवारी बी जा की. त्यो काय वार बघतूय व्हय?"

मी भौतिकशास्त्राचा माणूस. अशा गोष्टींवर विश्वास नसला तरी बुधवारी पहाटे मी देवळात गेलो. शनिवारी जे करायचो तेच केलं, फक्त जास्त जोर लावून. मारुतीच्या पायाचा शेंदूर अंगठ्याने कपाळाला लावला आणि म्हणालो, "देवा, दुसरं काही नको. शिखर तेवढं येऊ दे."

प्रयोगशाळेत हात धुतले. गॅडोलिनियमचा पत्रा घासून लखलखीत केला. तो चिमट्याने धरून पट्टीवर बसवायचा, असा नियम होता. पण तो निसटायचा, म्हणून मी शेवटी नेहमी अंगठ्याने घट्ट दाबायचो. माझी ती खास हातोटी होती आणि तिचा मला गर्व होता. मग यंत्रातली हवा काढून घेतली, सर येऊन बसले आणि पेन चालू लागलं.

शिखर आलं! असं आलं की मूळची दोन त्याच्यापुढे खुजी दिसावीत. मी सरांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांनी यंत्राची मोजणी सगळ्यात कमी जोरापासून सगळ्यात जास्त जोरापर्यंत फिरवली, आणखी दोन-तीन ठिकाणी शिखरं सापडली, तेव्हा पुटपुटले, "हे तर शिसं आहे." मग खोलीभर शिसं शोधलं. कुठेच नव्हतं. शेवटी त्यांची नजर माझ्या कपाळावर थांबली.

"शेंदूर कशाचा असतो हो?"

शेंदूर शिशाचा असतो. शाळेतलं पोरही सांगेल. तेलात कालवलेला, नखाच्या कडेला बसला की साध्या पाण्याने न निघणारा. अणूच्या पोटातली माझी उलथापालथ माझ्याच अंगठ्याला चिकटून पिंपळे गुरवातून सायकलवर येत होती.

सर हसले, आणि मग हसतच राहिले. मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं होतं. डोळे पुसून ते म्हणाले, "शिसं वगळून उरतं ते मात्र स्वच्छ आहे. नवं नाही, पण खरं आहे. तेच लिहा. कंपनीत जायचं नाही, वडिलांशी मी बोलतो. आणि उद्यापासून अंगठा घरी ठेवून या."

संध्याकाळी आई दारातच उभी होती. "आलं का रं?"

मी सगळं सांगितलं. काही लपवावं इतकाही अभिमान उरला नव्हता. ते शिखर माझं नव्हतं, तुझ्या मारुतीचा शेंदूर यंत्रात दिसत होता, म्हणालो. बोलता बोलता रडू आलं.

आई पदराने माझं कपाळ पुसत म्हणाली, "म्हंजी त्यो व्हता की रं तुज्यासंगं, त्या यंत्रात बी."