लॉग संपल्यावरचा वर्ग

गणित बदलत नाही, असं माझं ठाम मत होतं. भूगोलात देश बदलतात, इतिहासात तर सोयीप्रमाणे सगळंच बदलतं, पण गणित आपलं जागच्या जागी. कारखान्यातून निवृत्त होऊन, कर्वेनगरचं घर सोडून आम्ही वाघोलीला मुलाजवळ राहायला आलो, तेव्हा हे मत सामानाबरोबर आलं. त्याच सामानात माझं दहावीचं बीजगणिताचं पुस्तकही होतं. तपकिरी कव्हर घातलेलं, एकही कोपरा दुमडलेला नाही. म्हणजे फारसं उघडलेलंच नसावं, ही शंका बायकोची.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई यवतमाळकडच्या. सोसायटीच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत राहतात. मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी पोळ्या लाटता लाटता त्यांनी सांगितलं, मुलगी दहावीला गणितात गेली. बाकी सगळ्यात पास.

"जुलैत एक डाव बसू देतो तिले," ताई म्हणाल्या. "पुन्हा गेली, त मंग माह्यासंग कामाले. बाजूच्या बिल्डिंगमधल्या बाईले म्या सांगून ठेवलं हाये."

मी पेपर खाली ठेवला. "गणितच ना? माझ्यावर सोडा."

"ताई, अजून एकदा विचार करा," बायको म्हणाली.

वस्तीत पत्र्याचं समाजमंदिर आहे. तिथे रोज संध्याकाळी पाच ते सहा मी शिकवायचं ठरवलं. ताईंच्या मुलीबरोबर गणितातच अडकलेली आणखी चार मुलं आली. पहिल्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लघुगणक'. आमच्या वेळी ज्याला लॉगची कोष्टकं बघता येत नसत, त्याला सर माणसांत धरत नसत. कोष्टकांच्या झेरॉक्स काढून मी वाटल्या. मुलांनी त्या इतक्या आदराने हातात घेतल्या, की माझा ऊर भरून आला. आज कळतं, तसे आपण कुणाच्या लग्नाचे जुने फोटो हातात घेतो.

तीन आठवडे वर्ग असा शांत चालला की विचारू नका.

"कळलं का?"

"हो सर."

"काही शंका?"

"नाही सर."

घरी येऊन मी बायकोला ऐकवायचो, की शाळांना शिकवता येत नाही, बाकी काही नाही. ती म्हणायची, "एकालाही शंका नाही? माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला अजून आहेत."

एका संध्याकाळी मी चष्मा तिथेच विसरलो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. समाजमंदिराच्या दाराशी पोचलो तर आतून आवाज येत होते.

"संपला का गं लॉग?"

"उद्या आहे अजून थोडा. गप ऐकायचं. एवढ्या हौसेने येतात ते."

ताईंची मुलगी फळ्यासमोर उभी होती. माझी सगळी कोष्टकं तिने डस्टरने सपासप पुसली, स्वतःचं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "चला, आता आपलं काढा. वर्गसमीकरणं." मग ती जे शिकवू लागली, ते मी दारात उभा राहून पाच मिनिटं ऐकलं. चुकलेल्या मुलाला ती आधी विचारायची, "तू इथे काय विचार केलास?" हा प्रश्न सबंध जन्मात मी कुणाला विचारला नव्हता.

मी खाकरलो. पाचही जण उभे राहिले.

"लॉग तुमच्या पुस्तकात नाही?"

"नाही सर," मुलगी म्हणाली.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही?"

तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "सर, सहा वाजता टँकर येतो. पाण्याला आम्हालाच पाठवतात. सरांचा वर्ग साडेसातपर्यंत असतो असं घरी सांगितलंय, म्हणून सोडतात. तुम्ही चिडून यायचं बंद केलं असतं तर हा वेळ पण गेला असता."

म्हणजे तीन आठवडे माझा उपयोग काय झाला, तर माझ्या नावावर दीड तास मिळाला. आणि त्यासाठी त्या पाच जणांनी रोज तासभर लॉग सोसला.

दुसऱ्या दिवशी मी बाकावर मागे बसलो. तिने मला वीस गुणांची चाचणी दिली. अकरा पडले. खाली लाल पेनने लिहिलं होतं, 'पायऱ्या दाखवा.'

सहा वाजता एक आई दारात आली. "सर, आज तरी सोडा पोरीला. टँकर आलाय, रांग कोण धरणार?"

"साडेसातपर्यंत वर्ग आहे."

"मग तुम्हीच धरा की!"

आणि मी धरली. परीक्षेपर्यंत रोज, पाच घरांचे कॅन घेऊन. कारखान्यात मी पाण्याच्या पंपांची मापं तपासायचो, पण टँकरचा पाइप कॅनच्या तोंडात धरायला वेगळी अक्कल लागते. दोनदा नखशिखांत भिजलो. रांगेतल्या बायकांपर्यंत माझी कीर्ती पोचलीच होती. "अहो सर, वाहतंय! लॉग काढून भरताय काय?" गॅलरीतून बघणारी बायको म्हणाली, "शिकवताना बघितलं नाही, पण हे बरं जमतंय."

निकाल लागला त्या दिवशी ताई आमच्याकडे पोळ्या करत होत्या. मुलगी फोन घेऊन धावत जिना चढून आली. फोन तिने आईच्या डोळ्यांसमोर धरला.

"मले काय दावतं? सांग ना!"

"त्रेपन्न. पास."

"अन् बाकीचे?"

"तिघं पास. एक चार गुणांनी राहिली. तिला मी आणते वर काढून, पुढच्या परीक्षेला."

मी टाळी वाजवायला हात वर केले, तोवर बायको देवापुढचा पेढ्यांचा डबा घेऊन आलीसुद्धा. पहिला पेढा तिने मुलीला दिला, दुसरा ताईंना. तिसरा माझ्यापुढे धरून म्हणाली, "घ्या. पाणी भरल्याबद्दल."

ताईंनी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला. पिठाच्या हातानेच फोन घेऊन नंबर लावला.

"हॅलो, मॅडम? म्या बोलतो, पोळ्यावाली. तुमच्याकडे पोरगी येणार व्हती ना, थे नाही येत आता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईंनी मुलीकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्याने सांगितलं, की फोनची गरज नव्हती.

"अकरावीत चालली थे! तुम्ही दुसरी बाई पाहा!"