झाकून ठेवलेला निकाल

आमच्या कामात एक रीत आहे. मोजण्याची पद्धत पक्की ठरेपर्यंत खरा निकाल स्वतःही बघायचा नाही. बघितला तर मन नकळत हव्या त्या उत्तराकडे झुकतं. म्हणून खरी आकडेवारी झाकून ठेवतात, आणि तोवर संगणकावर बनवलेल्या आकड्यांवर सराव करायचा. झाकण उघडायची परवानगी प्रयोगाची तपासणी समिती देते. रीत मला पटते. घरी ती समजावून सांगणं मात्र कधी जमलं नाही.

माझे वडील, आप्पा, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला आहेत. मालकाशी बोलून त्यांनी माझ्यासाठी तिथंच नोकरी बघितली होती. सोमवारी होय की नाही सांगायचं होतं. निकाल बघून ठरवू, असं मी मनाशी धरलं होतं, आणि परवानगी काही येत नव्हती.

त्यातच निपाणीची आत्या, आप्पांची आक्का, राहायला आली.

"काय शोधतोस रं एवढं?"

मी सांगायला लागलो. अवकाशातून आलेले कण हवेवर आदळतात, त्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण निघतात. काही डोक्यावरून येतात, काही पृथ्वीच्या पलीकडून, अख्खी जमीन पार करून खालून वर येतात. लांबच्या वाटेत त्यांतले काही आपला प्रकार बदलतात. किती बदलले, ते एका प्रचंड यंत्रातल्या नोंदींवरून मी मोजतो.

"जमिनीखालनं येत्यात? घुशी असतील."

आप्पा हसले. मग म्हणाले, "बरं, किती बदलले?"

"ते अजून बघायचं नाही."

"पोरगं नापास झालंय," आत्या आप्पांना म्हणाली. "म्हणून झाकून ठेवलंय."

"एवढं शिकून तुझंच उत्तर तुला बघायचं न्हाय?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

रविवारी समितीची मेल आली. क्षितिजाजवळून, म्हणजे आडवे येणारे कण पुन्हा तपासा. तिथं दिशा जराशी चुकली तरी कण किती लांबून आला याचा हिशेब पार बदलतो. तोवर उघडू नये. मला रडू यायचं बाकी होतं. शंका रास्त होती, याचाच राग जास्त आला.

सोमवारी सकाळी आप्पा गाडी पुसत होते.

"मालकाला काय सांगू?"

"अजून उघडलं नाही, आप्पा. आडव्या कणांचं परत..."

"ते न्हाय इचारलं मी. काय सांगू?"

त्यांना कामावर जायला उशीर होत होता. माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

"नको म्हणून सांगा," मी म्हणालो. मग परत, जरा मोठ्यानं म्हणालो.

आप्पांनी फडकं सीटखाली कोंबलं, हेल्मेट चढवलं.

"बरं. आक्काला तुझं तू सांग. मी न्हाय सांगणार," म्हणाले, आणि गाडीला किक मारली.