अमृतने बंद केलेल्या सूचना

जुन्नरचा अमृत सतरा वर्षं घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. ओझरपासून घोडेगावपर्यंत मोटरसायकल हाकून त्याची कंबर कामातून गेली होती. त्याहून जास्त कंटाळा त्याला एकाच प्रश्नाचा आला होता. अँटीव्हायरस टाकून दिला की माणसं विचारायची, हे चालू हाय ना, काहीच कसं बोलत नाय? बोलत नाय म्हंजे समदं ठीक हाय, असं अमृत सांगायचा. इतक्या घरांत सांगून सांगून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

घोडेगावच्या पन्नालालकाकांची तक्रार उलटी होती. कापडाचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून चार वर्षं ते एका बोटाने टाइप करत होते. त्यांचं जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथल्या पेठेत कोणतं घर कोणाचं, कोणाच्या ओट्यावर कोण बसायचं, सगळं ते लिहून काढत होते. मध्येच स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचनेची चौकट आली की त्यांना वाटायचं, आपल्याच हातून काही बिघडलं. मग अमृतला फोन. शेवटी वैतागून त्याने सगळ्या सूचना बंद करून टाकल्या. काका खूश झाले.

वर्षभराने त्यांची सून रीनाचा फोन आला. एकही फाइल उघडत नव्हती. अमृत गेला. प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतीच अक्षरं चिकटली होती, आणि फायली परत उघडून देण्यासाठी पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी स्क्रीनवर होती. कोपऱ्यात अँटीव्हायरसचं चिन्ह मात्र रोजच्यासारखंच दिसत होतं. त्याने आत जाऊन पाहिलं. नव्या व्हायरसांची माहिती घेणं आठ महिन्यांपूर्वीच थांबलं होतं. तसं कळवणाऱ्या सूचना त्यानेच बंद केल्या होत्या.

कुरिअरच्या नावाने आलेल्या मेलमधली फाइल काकांनी उघडली होती. बाहेरून घुसणारं अडवणारी फायरवॉल चालू होती, पण घरच्या माणसाने स्वतः उघडलेल्या फाइलपुढे तिचं काही चाललं नव्हतं. अँटीव्हायरस ताजा असता तर अडवलं असतं का? कदाचित. कदाचित नसतंही. सगळा दोष त्या मेलवर ढकलून निघून जाणं सोपं होतं. अमृतने हातात घेतलेली गाडीची किल्ली परत खिशात टाकली.

"काका, सूचना म्याच बंद केल्या व्हत्या," तो म्हणाला. "आन फायलींची एक प्रत दुसरीकडं ठेवा, हेबी कधी सांगितलं न्हाई."

"मीच तर मागं लागलो होतो तुझ्या," काका म्हणाले.

चार दिवस खटपट करूनही काही परत आलं नाही. दिवाळीत काकांनी रीनाच्या फोनवर पाठवलेली पहिली तीस पानं तेवढी बचावली. बाकीची एकशे दहा गेली.

मग अमृत जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतःहून जाऊ लागला. सूचना चालू करायच्या, फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढायची आणि ती डिस्क कपाटात ठेवायला लावायची. लोकांना ती कटकट वाटे. पिंपरी पेंढारच्या कुशाबाई तर म्हणाल्या, पयलंच बरं व्हतं, गप ऱ्हायचं. अमृतने वाद घातला नाही. एवढं केलं की काही धोका नाही, असं मात्र त्याने आता कोणालाच सांगितलं नाही.

रविवारी तो घोडेगावला जाई. काका गेलेली पानं आठवून सांगत आणि तो टाइप करी. एका रविवारी भागू शिंप्याचं घर झालं आणि काका अडले. शेजारी कोण राहत होतं, ते काही केल्या आठवेना. त्यांनी डोळे मिटले, बोटांवर घरं मोजली, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"मी काय लिहिलं होतं रे तिथं?" त्यांनी विचारलं.

पाच वर्षं अमृत या कॉम्प्युटरची देखभाल करत होता, पण काकांच्या लिखाणातली एक ओळही त्याने कधी वाचली नव्हती.