भाकरीचा हात आणि दह्याचा केक

माझा हात भाकरीचा. तो तसा जन्मजात नाही, कारण मी भात खाणाऱ्या मुलखातून सोलापुरात आले. लग्नानंतर केलेली माझी पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तुटली आणि अर्धी तव्यावर, अर्धी शेगडीवर पडली. मोठ्या जाऊबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातावर आपला तळवा ठेवला आणि पिठाचा गोळा असा काही रेटला की माझं मनगट कळवळलं. म्हणाल्या, "रगड की! पिठाला काय जीव हाय का दुखायला?"

ज्वारीला चिकटपणा नसतो, तो हातानं आणावा लागतो. ते मी शिकले, आणि पुढे सगळं आयुष्य रगडतच आले.

जाऊबाईंना मी अक्का म्हणते. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. एरवी मराठी बोलतात, पण दमल्या किंवा चिडल्या की तोंडातून कानडी निघतं. गेल्या वर्षी त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. औषधाचे दोन डोस झाले आणि तोंड आलं, असं आलं की पाणी पितानाही डोळ्यांत पाणी यायचं. कडक भाकरी चुरून शेंगाचटणीबरोबर खाणारी ही बाई, तिला दुधात भिजवलेली भाकरीही उतरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वजन अजून घसरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. झालं, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा, यांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एकदा त्यांना साध्या केकचा तुकडा दिला. तो त्यांनी दुधात बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, "हे बरं हाय. टोचत न्हाय." मी त्याच संध्याकाळी बेकरीतून केक आणला, तर तो इतका गोड की त्यांची जीभ जळाली. मग पुण्याहून पुतणीनं, अक्कांच्या लेकीनं, लहानसा ओव्हन पाठवून दिला आणि मला फोनवरून शिकवायला बसली.

"काकू, लोणी खोलीच्या तापमानाला आण."

एप्रिल महिना होता. सोलापुरातली खोली ती! लोणी ओट्यावर ठेवलं आणि चहा करून वळले, तोवर त्याचं पातळ तूप. "अगं, तुझ्या पुस्तकातली खोली कुठली आहे? महाबळेश्वरची?" मी ओरडले. मग तिनं लोणीच काढून टाकलं आणि तेल सांगितलं. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, म्हणून अंड्याऐवजी दही आणि खायचा सोडा.

मैदा चाळून घे, ओव्हन आधी तापव, कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात. सगळं ऐकलं. पण दोन्ही एकत्र आलं आणि माझा हात सुटला. गुठळी दिसली की मी घोट घोट घोटलं. केक निघाला तो चपलेच्या तळासारखा वातड. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच, वर दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडून पाहिलं, तर मधोमध खड्डा. भाकरीवरची नजर हलवायची नाही, हीच सवय, त्याला मी काय करू? मी रडकुंडीला आले. केकसाठी कोण रडतं? मी रडत होते ती वजनाच्या काट्यासाठी.

तिसऱ्या दिवशी अक्का भिंतीला धरून धरून आल्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. अंगावर साडी नुसती गुंडाळल्यासारखी. मी मैदा ओतला आणि डाव फिरवायला लागले. त्यांनी पुढे वाकून माझं मनगट धरलं.

"साकु," त्या कानडीत म्हणाल्या. "बास झालं."

"अजून गुठळ्या आहेत अक्का."

"ऱ्हाऊ देत. पोरगी फोनवर काय बोलली, ऐकलं न्हाईस? कोरडं पीठ दिसंना झालं की सोडायचं. पुढचं त्याचं ते बघंल."

रगड म्हणणाऱ्या बाईनं मला थांब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. भांडं आत गेलं. मी दाराशी घुटमळले की त्या नुसत्या डोळे वटारायच्या. तो केक फुगला. कापायची घाई केली नाही, पूर्ण गार होऊ दिला. आत जाळी पडली होती, लुसलुशीत. अक्कांनी दुधात भिजवून एक फोड खाल्ली, मग आणखी अर्धी. "जमला की गं तुला," म्हणाल्या. मी पुतणीला फोन लावला आणि दोघी येड्यासारख्या हसलो.

पुढे रोज केक. कधी केळ घालून, कधी गूळ घालून. काटा थोडा वर सरकला, डॉक्टरांनी तिसरा डोस दिला, आणि अक्का आडव्या झाल्या त्या उठेचनात. केस गेले होतेच, आता नखं काळी पडली. चौथ्या डोसासाठी मंगळवारी जायचं ठरलं. मी पुन्हा हट्टाला पेटले.

त्या सोमवारी दुपारी ताटलीत केक कुस्करून, दूध घालून मी त्यांच्या उशाशी बसले. दोन घास गेले. तिसऱ्याला त्यांनी मान वळवली.

"एवढा एकच," मी म्हटलं. गेला. "अजून एक, माझ्यासाठी." तोही कसाबसा गेला. मी चमचा पुन्हा भरला. "उद्या काट्यावर उभं राहायचंय अक्का, नाटकं नका करू."

त्यांनी माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण धरलं.

"साकु."

"साकु काय साकु? डॉक्टर काय म्हणाले..."

"मी उद्या न्हाय जायची. पोरीला मी सांगितलंय. तुलाच सांगायचं ऱ्हायलं हुतं."

मला इतका संताप आला! आई गं, एवढं सगळं कुणासाठी चाललं होतं? मी म्हटलं, तुम्हाला काय, तुम्ही मोकळ्या व्हाल, मागं मी काय करू या घरात? असं बोलायला नको होतं, पण बोलले. त्या चिडल्या नाहीत. माझ्या मनगटावरचा हातही त्यांनी काढला नाही.

"तुजा हात लई चांगला हाय गं," त्या म्हणाल्या. "पर थांबत न्हाय. मीच त्याला तसं वळण लावलं."

ओट्यावर उरलेला केक झाकून ठेवलेला होता, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला. मी भरलेला चमचा ताटलीत ठेवला. तो आधीच ठेवायला हवा होता, की त्या दिवशीही ठेवायला नको होता, ते मला अजून कळलेलं नाही.