माझी खुर्ची आणि अमेरिकेचे पहिले तीन अध्यक्ष

दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांवर जळणारा नारपोलीत मी एकटाच असेन. त्यांच्यावर तरी कशाला म्हणा, त्यांची गोष्ट सांगणारीवर. ती माझी धाकटी भावजय.

आमच्या घराच्या तळमजल्यावर कापड विणायचे लूम चालतात, वर आम्ही राहतो. लूम चालू असताना जेवताना मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. शुक्रवारी मात्र लूमला सुट्टी. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होते की माणसं आपल्याच आवाजाला दचकतात. गेली वीस वर्षं दर शुक्रवारी, पोरांची सकाळची शाळा आणि जेवणं आटोपली की, मी गच्चीवरच्या पत्र्याखाली हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचो आणि घरातल्या, शेजारच्या सात-आठ पोरांना गोष्टी सांगायचो. खाडीतली म्हातारी मगर, वज्रेश्वरीच्या गरम कुंडात बसून चहा उकळणारा पैलवान... सगळ्या माझ्याच पदरच्या. पोरं म्हणायची, "मोठे काका, फेकू नका," आणि पुढे सरकून बसायची. एरवी मी खाली कापडाचे तागे तपासणारा माणूस. शुक्रवारी दोन तास मी कोणीतरी असायचो.

भावजय खारबावची, शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी लग्न होऊन आली. एका शुक्रवारी ओरडून ओरडून माझा घसा बसला होता, तर म्हणाली, "भाऊजी, आज मी सांगू?" मी मोठ्या मनाने हात हलवला. तो हात कोपरापासून कापून टाकावा असं मला पुढे कितीदा वाटलं.

ती खाली चटईवर बसली, मी मफलर गुंडाळून खुर्चीत. म्हणाली, "अमेरिकेच्या अध्यक्षांची गोष्ट. नावं विसराल, नंबर लक्षात ठेवा." पहिला लढाई जिंकून आलेला. त्याला सगळ्यांनी एकमताने निवडला. मरेपर्यंत बसला असता तरी कोणी ऊठ म्हटलं नसतं. पण दोनदा अध्यक्ष झाला आणि आपणहून उठून शेतावर निघून गेला. "खुर्ची अशी सोडणं सोपं नसतं," ती म्हणाली. सात-आठ मुंडकी माझ्या खुर्चीकडे वळली.

पुढच्या शुक्रवारी घसा ठणठणीत. मी खाकरून मगर काढली. मोठी पुतणी म्हणाली, "मोठे काका, मगर नंतर. आधी दुसऱ्याचं काय झालं ते ऐकू दे."

दुसरा आणि तिसरा जुने दोस्त. देश उभा केला तो बरोबरीने. मग देशात दोन पक्ष पडले. दुसऱ्याच्या पक्षाला वरचं सरकार भक्कम हवं, तिसऱ्याच्या पक्षाला राज्यांच्या हातात जास्त द्यायचं. दोस्त समोरासमोर आले. दुसरा थोडक्या मतांनी जिंकला, आणि तेव्हाचा नियम असा की हरलेला उपाध्यक्ष!

"मतलब झगडा करके एकही ऑफिस में?" शेजारची मुलगी ओरडली. "ये तो अपने घर जैसा हुआ!"

त्याच दिवशी पोरांनी मला उपाध्यक्ष केलं.

मग मी तागे तपासता तपासता मोबाइलवर चोरून वाचायला लागलो. भावजयीची एखादी चूक सापडावी एवढीच इच्छा. कापडातली भोकं माझ्या नजरेखालून निसटली, तिच्या गोष्टीत एक सापडलं नाही. त्याने मी जास्तच पेटलो.

पोरांना आता शुक्रवार पुरेना. गुरुवारी संध्याकाळीही गच्चीवर बैठक बसली. त्या दिवशी ती सांगत होती, सरकारला नावं ठेवणाऱ्यांना तुरुंगात टाकायचा कायदा दुसऱ्याच्या कारकिर्दीत झाला होता. खाली लूम धडधडत होते, मी जिन्यात कान लावून उभा होतो. बायको चहा घेऊन आली आणि मी माझ्या हिशेबाने तिच्या कानात पुटपुटलो. लूमवाल्याचं पुटपुटणं म्हणजे केवढं, ते सांगायला नको. नेमकी तेव्हाच लाइट गेली. सगळे लूम एका दमात थांबले आणि जिन्यातून वर एकटं माझं वाक्य गेलं :

"पाठ करून येते ती! माझ्या जागेवर बसायची लायकी आहे का तिची?"

 वरून पुतणीचा आवाज आला, "काकी, तुरुंगात कोणाला टाकायचं?" कोणी हसलं नाही. भावजय म्हणाली, "चला, आजचं इथेच." तिचा आवाज जरासा कापला. तो मला अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कोणाचं तोंड बघायला नको म्हणून मी पहाटेची एसटी पकडली आणि वज्रेश्वरी गाठली. कुंडात पाय सोडून बसलो आणि मोबाइलवर पुढचं वाचलं. पुढची निवडणूक तिसरा जिंकला. त्याच्या शपथविधीला थांबायला नको म्हणून दुसरा त्याच पहाटे घोडागाडी पकडून घरी निघून गेला होता. मी पाण्यातले पाय वर काढले. पाणी फारच गरम लागायला लागलं होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "कुठं हाय तुम्ही? ती आज सांगणार न्हाय म्हणते. म्हणते, भाऊजींच्या जागेवर मी बसणार न्हाय. झालं समाधान?"

झालं असतं, तर बरं झालं असतं. जी गोष्ट मोडावी म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो ती मोडली होती, आणि मला मेल्याला पुढचं ऐकायचं होतं. मी भावजयीला मेसेज टाकला : "माझं चुकलं. शेवटी दुसऱ्यानेच तिसऱ्याला आधी पत्र लिहिलं ना?"

 तिचं उत्तर आलं : "हो. पण दहा-बारा वर्षं लावली त्याने. तुम्ही लवकर लिहिलंत, भाऊजी. दुपारपर्यंत या."

गेलो. तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. मीही बसलो नाही. पोरांनी खुर्चीवर दप्तरं ठेवली. चटईवर पोरांच्या मागे बसून मी ऐकलं : तिसऱ्याने एक गोळी न झाडता केवढा मुलूख विकत घेतला, मग दोघं म्हातारे कशी पत्रं लिहीत राहिले, आणि देशाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, एकाच दिवशी, शेकडो मैलांवर दोघंही कसे गेले.

मला भरून आलं. लगेच रागही आला. असा शेवट मी रचला असता तर पोरांनी "फेकू नका" म्हणून मला गच्चीवरून ढकललं असतं. तिच्यापुढे कोणी चकार शब्द काढला नाही. सगळी तोंडं उघडी टाकून बसलेली, त्यात माझंही.

जिना उतरताना बायकोने विचारलं, "आता तरी जळायचं थांबलं का?"

"नाही," मी म्हणालो. शुक्रवार होता, म्हणून अगदी हळू.